खंडेनवमीनंतरचा पाऊस

धुरीवाडा, मालवण
१७ नोव्हेंबर

सर्वेश,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते आधी बघून घे. विसरले नाही, गाळलंय.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. मेलला उत्तर देत नाहीस. चौकशी संपेपर्यंत आपण दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, असं आपल्या गाइड सारिका मॅडमनी सांगितलंय. पत्राबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही. म्हणून हे स्पीड पोस्टाने तुझ्या हॉस्टेलवर पाठवतेय, सही करून घ्यावं लागेल. पोस्टातल्या बाईंनी विचारलं, नोकरीचो अर्ज काय गो? म्हटलं, नाही, शिव्या आहेत. त्या हसल्या. त्यांना थट्टा वाटली.

आणि हे मालवणीत लिहीत नाहीय, तेही बघ. कचेरीत पाऊल टाकलं की आपण सगळे कसे ‘माका-तुका’ सोडून ‘मला-तुला’ करायला लागतो, तसंच हे. तुझं माझं आता कचेरीपुरतंच उरलंय.

तुझ्या तक्रारीची प्रत मला मिळाली. ‘सह-विद्यार्थिनी रिशेल फर्नांडिस यांच्या मालवण केंद्रावरील ऑक्टोबर महिन्याच्या नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत. यंत्रात बाहेरून पाणी ओतले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ नाकारता येत नाही म्हणे. सरळ ‘रिशेल खोटी’ असं लिहायला काय हात मोडत होता?

मी ते घरी वाचून दाखवलं. पप्पा हायस्कुलात गणित शिकवतात, ते कुठलाही कागद पेपर तपासल्यासारखाच वाचतात. दोनदा वाचून म्हणाले, “भाषा बरी आसा. मनीस बरो नाय.” मम्मीने विचारलं, “ओतूक पाणी खंयच्या बावडीचा घेतलंस, ता पण लिवल्यान काय?” मग ती आत गेली आणि भांडी इतक्या जोरात घासायला लागली की शेजारच्यांनी येऊन विचारलं. गेल्या नाताळात याच बाईने तुला नेवऱ्यांचा डबा भरून दिला होता. डबा अजून परत आलेला नाही. तो नको आहे. फक्त आठवण करून देतेय की तू तिच्या हातचं खाल्लं आहेस.

आता कामाचं. तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तू विसरलेला दिसतोस. ऑनर्सच्या चौथ्या वर्षाला, या संशोधनाच्या वर्षाला, हवामानशास्त्रात आपण दोघांनी एकच विषय वाटून घेतला. डिपार्टमेंटने दोन पर्जन्यमापकं दिली. एक आमच्या अंगणात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. दुसरं वैभववाडीला तुमच्या खळ्यात, घाटाच्या पायथ्याशी. जूनमध्ये समुद्रावरून येऊन घाटाकडे चढणारा पाऊस तू घेतलास. ऑक्टोबरात घाटावर जमून संध्याकाळी किनाऱ्याकडे उतरणारा परतीचा पाऊस मी घेतला. तूच म्हणाला होतास, येणारो माझो, जाणारो तुझो. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

म्हणजे माझा अख्खा प्रबंध ऑक्टोबरवर उभा आहे. ऑक्टोबर गेला की मी गेले. चौकशी समितीने ‘नोंदी बनावट’ असं लिहिलं तर माझं चौथं वर्ष रद्द. तीन वर्षांची साधी पदवी हातात देऊन घरी पाठवतील. ऑनर्स नाही, पुढे पीएचडी नाही, आणि जिथे अर्ज करीन तिथे आधी हे कागद पोचतील. आत्तापासूनच प्रयोगशाळेची चावी माझ्याकडून काढून घेतलीय. म्हणून मी मालवणात बसून तुला लिहितेय आणि तू तिकडे माझ्या टेबलावर बसतोयस. खिडकीकडचं टेबल म्हणून तुझा डोळा होताच त्याच्यावर.

दसऱ्यानंतर तुझ्या यंत्रात पाऊस जवळजवळ शून्य, माझ्या यंत्रात मोठमोठ्या सरी. तू लिहितोस, परतीचा पाऊस घाटातून येतो, घाटाखाली पडला नाही तर मालवणात कुठून येणार? प्रश्न चांगला आहे. मीही हाच विचारला असता. पण मी आधी तुला फोन केला असता.

इथे पाऊस पडला हे अख्ख्या धुरीवाड्याला माहीत आहे. ऑक्टोबर म्हणजे जपमाळेचा, रोजारीचा महिना, वाडीतल्या खुरसाकडे, क्रुसापाशी, लदीनची प्रार्थना चालू होती. प्रार्थना अर्ध्यावर असताना आभाळ फाटलं, मेणबत्त्या विझल्या, वाटायला आणलेले चणे भिजले, लोक पळाले. मी हे समितीला सांगितलं. समिती म्हणाली, लोकांच्या आठवणी म्हणजे डेटा नव्हे. सरकारी यंत्र लांब आहे, आणि परतीची सर एका वाडीत पडते तेव्हा पलीकडच्या वाडीत ऊन असतं, त्यामुळे त्याचाही उपयोग नाही. समितीचं बरोबर आहे. मला राग आलाय तो त्याचाच.

पुण्याच्या संस्थेत उन्हाळ्यात काम करायला आपल्या वर्गातून एकच नाव जाणार आहे, हे मी विसरलेले नाही. तूही नाहीस.

रिशेल लिनो फर्नांडिस


धुरीवाडा
२ डिसेंबर

सर्वेश,

उत्तर नाही. बरं. सही मात्र केलीस, पोचल्याचा मेसेज आला.

मॅडमनी मला माझी बाजू मांडायला तुझ्या केंद्राचा ऑक्टोबरचा आलेख पाठवलाय, सोबत जूनपासूनच्या बाकी महिन्यांचेही. नियमच आहे तसा, ज्याच्यावर आरोप त्याला कागद दाखवायचे. तू तो आलेख जोडताना बघितलास का रे नीट? की फक्त शून्याकडे बघून खूश झालास?

ते शून्य नाहीय. ज्या ज्या संध्याकाळी माझ्याकडे सर आली, त्या त्या संध्याकाळी तुझ्याकडे एक नोंद आहे. मग बऱ्याच वेळाने आणखी एक. मग तितक्याच वेळाने आणखी एक. असं रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत. आतली छोटी वाटी भरली की उलटते आणि उलटली की नोंद होते, हे आपण दोघं मिळून शिकलो. म्हणजे तुझ्या खळ्यात रात्रभर एकाच चालीने, न वाढता न कमी होता, थेंब थेंब पाणी पडत होतं, आणि सकाळी उन्हातही पडत होतं. असा पाऊस कुठे पडतो? वैभववाडीत पडत असेल तर तुझा सत्कार करायला हवा.

ते नळ गळल्यासारखं आहे. वर पाणी साठलंय आणि खाली भोक तुंबलंय. सर आली, नरसाळं भरलं, वरचं पाणी बाहेर वाहून गेलं आणि उरलेलं रात्रभर ठिबकलं. पहिल्या वर्षाच्या पोराला दाखवलं तरी कळेल. तुला कळलं नाही? तू जूनमध्ये माझ्या यंत्रावर सुक्या पानाचा एक तुकडा बघून मला केवढं भाषण दिलं होतंस, आणि आता तुला कळलं नाही?

मी हे लगेच समितीला लिहू शकते. पण समिती म्हणेल, तुंबलं कशाने? पानाने तुंबलं असेल तर तुझ्या जून-सप्टेंबरच्या आलेखातही कधीतरी दिसायला हवं होतं. तिथे नाही. दसऱ्यानंतर अचानक सुरू झालं आणि दिवाळीनंतर अचानक बंद. नोव्हेंबरातल्या अवकाळी पावसाची नोंद तुझ्याकडे ठणठणीत आहे. म्हणजे भोक आपोआप तुंबलं आणि आपोआप मोकळं झालं? यंत्राला पण सण-सुट्ट्या आहेत का?

मी तुझ्या घरी येतेय. तू हॉस्टेलवर असशील तेव्हा. तुला भेटायला येत नाहीय, तुझ्या यंत्राला भेटायला येतेय. ते तुझ्यापेक्षा सरळ आहे.

रिशेल


धुरीवाडा
९ डिसेंबर

सर्वेश,

जाऊन आले.

कणकवलीहून गाडी पकडली. नांदगाव गेलं तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत जावं. मी भांडायला निघाले होते आणि भांडायला तू तिथे नव्हतास. तुझ्या आईशी मी काय बोलणार होते? सुगंधाकाकींनी माझं काय वाकडं केलंय, असं मी स्वतःला विचारत होते. आता उत्तर मिळालंय आणि ते मिळायला नको होतं.

काकी खळ्यात सुपारी वाळत घालत होत्या. मला बघून म्हणाल्या, “रिशेल? ये गो बाय, बस. सर्वेश नाय इलो वांगडा?” त्यांना काहीच माहीत नाही. तक्रार नाही, चौकशी नाही, माझी चावी काढून घेतलीय ते नाही. तू घरी एक अक्षर बोललेला नाहीस. मी म्हटलं, यंत्र बघायला आलेय. त्या म्हणाल्या, “बघ, पण आधी घावणे खा.” सर्वेश, मी तुझ्या घरात बसून घावणे खाल्ले. गूळ-खोबऱ्याचा रस होता सोबत. मला ते खायचे नव्हते आणि मी तीन खाल्ले.

मग यंत्राकडे गेले. नरसाळं स्वच्छ होतं, भोकही मोकळं. वाटलं, फुकट आले. मग कडेला हात फिरवला तर आतल्या बाजूला लाल डाग. गंज वाटला, पण गंज नखाने असा निघत नाही. मी काकींना सहज विचारलं, हे काय?

त्या म्हणाल्या, “कुंकू गो. खंडेनवमीक घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतंव मां आमी. कोयती, कुदळ, नांगर, तेची मोटरसायकल. मगे ह्या डब्याक कित्याक वगळू? तो पण रोज काम करता. वरच्या वाटग्यात फुलां घातलंय, तांदूळ घातलंय, कुंकू लायलंय. तेच्यामुळा माझ्या झिलाची परीक्षा होतली मां.”

झेंडूची फुलं. ओल्या कुंकवात चिकटलेले तांदूळ. पाकळ्या सुटून खाली गेल्या, तांदूळ भोकात बसला. इतकं साधं. मला हसू येत होतं, खरंच सांगते. मी म्हणणार होते की काकी, तुमच्यामुळे माझी केवढी फजिती झालीय. आपण तिघं तुझ्या खळ्यात बसून यावर हसलो असतो. मी जवळजवळ तुला माफ केलं होतं. तुला ठाऊक नसणार असं मी धरून चालले होते. यंत्र शून्य दाखवतंय, मॅडमनी विचारलं, तुझ्या तोंडून निघून गेलं की तिचंच चुकलं असेल. इतकं माणूस करतो. मीही केलं असतं.

मग काकी पुढे म्हणाल्या, “दिवाळीक इल्लो तेव्हा बघल्यान तेना. माझ्यार केदो कावलो गो. सगळी फुलां काढल्यान, तारेन भोक साफ केल्यान. म्हणालो, आये, परत हात लावशीत तर बघ. तूच सांग, पूजा केली तर यंत्र बिघाडता काय?”

दिवाळीत.

तुझी तक्रार दिवाळीनंतरची आहे. तारीख माझ्यासमोर आहे. तुझ्या हातात त्या कुजलेल्या पाकळ्या होत्या. तू तार घालून ते भोक मोकळं केलंस, हात धुतलेस, फराळ केलास, परत आलास आणि मग बसून लिहिलंस, ‘बाहेरून पाणी ओतले गेले असण्याची शक्यता’. तोंडी बोलून गेलास ते चुकून. लेखी दिलंस ते जाणूनबुजून. आधी बोललेलं मागे घ्यायची लाज वाटली, म्हणून मला बुडवायला निघालास. ‘माझ्या आईने यंत्राची पूजा केली’ हे मॅडमसमोर सांगायला तुला कमीपणा वाटला. खरं की नाही? त्या बाईने तुझ्या परीक्षेसाठी फुलं वाहिली आणि तुला त्याची लाज वाटली.

मी काकींना काही सांगितलं नाही. तुझ्यासाठी नव्हे. मी निघताना त्या माझ्या पिशवीत कोकमाची सोलं भरत होत्या, म्हणून.

आता ऐक. पाकळ्या तू फेकल्यास, तांदूळ फेकलेस. कुंकवाच्या एका डागावर समिती माझा ऑक्टोबर परत देणार नाही. पुरावा म्हणून आता दोनच माणसं आहेत, तू आणि तुझी आई. नाताळपर्यंत तू स्वतः जाऊन मॅडमना सगळं सांग. तू सांगितलंस तर काकींना कुणी बोलावणार नाही. नाही सांगितलंस तर मी सांगीन, आणि मग त्यांना त्या खोलीत येऊन बसावं लागेल. हे मला नको आहे. तुला हवंय का?

रिशेल


धुरीवाडा
२६ डिसेंबर

सर्वेश,

उत्तर आलं एकदाचं. दोन ओळी. ‘आईला मध्ये आणू नकोस. मी यंत्र साफ केल्याचा तुझ्याकडे कसलाही पुरावा नाही.’

मायझया, हे पत्र आहे की वकिलाची नोटीस?

आईला मध्ये मी आणलं? मी तर तुला दार उघडून दिलं होतं, की बाबा, तू एकटा जा, एकटा सांगून ये, त्यांना कळणारही नाही. ते दार तू बंद केलंस. आणि वर मला सांगतोस, आईला आणू नको. आईची एवढी काळजी असलेला मुलगा आईच्या पदराआड उभा राहत नाही.

काल नाताळ झाला. मम्मीने यंदा दोदोलचं गोड केलं नाही, म्हणाली मन नाही. पप्पा चर्चमधून येऊन अंगणातल्या यंत्राजवळ उभे राहिले आणि म्हणाले, “ह्येच्यात काय नाय, निसता पाणी मोजता, आणि त्याच्यापायी माझ्या चेडवाक चोर ठरयतत.” पप्पांना मी असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. वर्गात कुणी कॉपी करताना सापडला तरी ते आवाज चढवत नाहीत.

म्हणून मी समितीला लिहिलं. तू म्हणशील, सूड. म्हण. पण काय लिहिलं ते नीट वाच. मी लिहिलंय की डिसेंबरात वैभववाडी केंद्राला भेट दिली, खंडेनवमीच्या पूजेच्या फुलांनी आणि तांदळाने नरसाळं बंद झालं होतं असं तुमच्या घरून कळलं, आणि आलेखातलं ठिबकणं त्याच्याशी जुळतं. एवढंच. ते केव्हा साफ झालं आणि कुणी केलं, हे मी लिहिलेलं नाही. ती ओळ तुझ्यासाठी मोकळी सोडलीय. जानेवारीत सुनावणी आहे. त्यांनी काकींना बोलावलंय. तुलाही बोलावलंय. तिथे ती ओळ भर. मर्द असशील तर भर.

रिशेल


धुरीवाडा
२० जानेवारी

सर्वेश,

हे शेवटचं. याला उत्तर नको.

तुला त्या खोलीत बसून काय दिसलं, मला माहीत नाही. मला काय दिसलं ते सांगते.

काकी लग्नाकार्यात नेसायची साडी नेसून आल्या होत्या. केसांत अबोलीचा वळेसार. त्यांना वाटलं असेल, विद्यापीठात जायचं म्हणजे असं जावं. समितीच्या तिघांना त्यांनी हात जोडले. मॅडमनी खुर्ची दिली तर टोकावर बसल्या. पंखा त्यांच्या डोक्यावर होता आणि त्या सारख्या पदर धरत होत्या. तू त्यांच्या शेजारी होतास आणि तू पूर्ण वेळ टेबलाकडे बघत होतास.

अध्यक्षांनी विचारलं, यंत्रात फुलं कुणी घातली? आणि काकी बोलायला लागल्या. “माझी चूक झाली साहेब. फुलं मीच घातली. दिवाळीच्या साफसफाईत मीच काढून टाकली. माझ्या मुलाला यातलं काहीच माहीत नव्हतं.”

मी तुझ्या आईला तीन वर्षं ओळखते. त्या बाजारात, एसटीत, बँकेत, कुठेही अशा बोलत नाहीत. ही तुझी वाक्यं होती. तू त्यांच्याकडून पाठ करून घेतली होतीस, शाळेत पोरांकडून प्रतिज्ञा पाठ करून घेतात तशी. एकही शब्द चुकला नाही. म्हणजे किती वेळा म्हणून घेतलंस रे? गाडीत पण म्हणून घेतलंस?

मी मोकळी सोडलेली ओळ तू आईकडून भरून घेतलीस.

अध्यक्षांनी त्यांना विचारलं, मुलाने दिवाळीत यंत्र तपासलं नाही? काकी म्हणाल्या, नाही साहेब. मग ते माझ्याकडे वळले. “मिस फर्नांडिस, तुम्ही डिसेंबरमध्ये यांच्या घरी गेला होता. तेव्हा यांनी तुम्हाला याहून काही वेगळं सांगितलं होतं का?”

तू तेव्हा पहिल्यांदा वर बघितलंस. मला तो तुझा चेहरा मरेपर्यंत पुरेल.

मी ‘हो’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, त्याचा हिशोब मी महिनाभर करत होते. तुझी तक्रार खोडसाळ ठरली असती. तुझं वर्ष गेलं असतं, पुण्याची जागा गेली असती. ज्या पद्धतीने तू मला घरी बसवलंस त्याच पद्धतीने तू घरी बसला असतास, आणि मला आनंद झाला असता. यात खोटं काही नाही, मला फार आनंद झाला असता. मी वाक्यसुद्धा तयार करून नेलं होतं.

पण ते म्हणायचं म्हणजे त्या बाईकडे बोट दाखवून म्हणायचं की ही खोटं बोलतेय. लग्नातली साडी नेसून आलेल्या बाईला, तीन अनोळखी माणसांसमोर, तिच्या मुलाच्या देखत. काकी माझ्याकडे बघत होत्या. विनवत नव्हत्या. मी काय म्हणेन ते ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती.

मी म्हटलं, “नाही सर. हेच सांगितलं होतं.”

सगळं तिथेच संपलं. माझा ऑक्टोबर मला परत मिळाला. तुझ्या केंद्राचा ऑक्टोबर ‘यंत्रातील तांत्रिक अडथळा’ म्हणून बाद झाला, तुला त्याची गरजच नव्हती. तक्रार ‘गैरसमजातून’ म्हणून निकाली. तू सुटलास. पुण्याला बहुतेक तुझंच नाव जाईल, कारण माझ्या फायलीत ‘चौकशी झाली होती’ हा शेरा राहणार आहे आणि तुझी फाईल स्वच्छ आहे. मॅडमनी चावी परत दिली आणि म्हणाल्या, झालं गेलं विसरा, हात मिळवा. तू हात पुढे केलास. तो तसाच राहिला, ते सगळ्यांनी बघितलं.

तू पाणी आणायला गेलास तेव्हा बाहेर व्हरांड्यात काकींनी मला गाठलं. हात धरून म्हणाल्या, “बाय, तू माझ्यासाठी खोटा बोललंस. माका कळला. तुमच्यात पाद्रीकडे जावन सांगूचा लागता मां? मगे तेका सांग, ह्या पाप रिशेलचा नाय, सुगंधाचा.”

मी फक्त विचारलं, जेवलात का? त्या म्हणाल्या, “नाय गो. सकाळपासून घशातसून उतारला नाय.” तुझ्या लक्षात आलं होतं का, की तुझी आई उपाशी आहे?

मी पाद्रींकडे गेलेले नाही. गेले तर पश्चात्ताप होतोय असं म्हणावं लागेल, आणि काकींसाठी बोलले त्याचा मला होत नाही. त्याचा फायदा तुला झाला, याचा होतो. यासाठी पाद्री काय प्रायश्चित्त देणार?

एक काम तुझ्याकडून करून घेते. पुढच्या खंडेनवमीला यंत्र तुमच्या खळ्यात असेल, डिपार्टमेंट ते एवढ्यात हलवत नाहीय. काकी म्हणाल्या, आता त्या डब्याकडे बघणारसुद्धा नाहीत. त्यांना तू स्वतः सांगायचंस की फुलं वाहा. हवी तेवढी. मग रोज सकाळी तू नरसाळं काढून धुवायचंस. पुण्यात असलास तर गाडी पकडून यायचंस. हे तू केलंस की नाही, ते मला तुझ्या आलेखात दिसेल.

बाकी बोलायचं काही नाही. कचेरीपुरतं लिहीन म्हटलं होतं, पण कचेरी संपली. म्हणान शेवटचा माझ्या भाशेत सांगतंय.

मी आजपर्यंत एक आकडो बदललंय नाय. यंत्रान दिल्यान तो लिवलंय, कमी तर कमी, जास्ती तर जास्ती. माझ्याकडे तेवढाच होता, आणि ता पण तू ठेवलंस नाय. तू लिवलंस, रिशेल खोटी आसा. तेव्हा मी नव्हतंय.

आता आसंय.

रिशेल